‘सरकारी रेडिओ’ म्हणजेच ‘लोकसेवा प्रसारण’ का?

प्रश्न : मुलीच्या पत्रकारितेच्या पुस्तकात ‘लोकसेवा प्रसारण’ असा शब्द आहे. आमच्या घरी नागपूर आकाशवाणीला आजोबांच्या वेळेपासून ‘सरकारी रेडिओ’ म्हणतात. दोन्ही एकच ना? शिवाय ‘नियमन’ आणि ‘नियंत्रण’ यांत फरक काय?

उत्तर : एकच नाहीत, ताई. ‘सरकारी’ म्हटलं की मालक कळतो, ‘लोकसेवा’ म्हटलं की कर्तव्य. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं तेव्हा ते सरकारचं खातंच होतं, म्हणजे आजोबांचा शब्द बरोबरच होता. प्रसार भारती कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. त्याने आकाशवाणी-दूरदर्शन एका महामंडळाकडे आले. पैसा मात्र आजही बराचसा सरकारी तिजोरीतूनच येतो, त्यामुळे जुना शब्द लोकांच्या तोंडून जात नाही. संत्र्यावरच्या कोळशी रोगाची माहिती जाहिरातदार मिळो न मिळो द्यायची, ही लोकसेवा.

‘सरकारी’च्या उलट ‘व्यापारी’ असं मात्र समजू नका. आकाशवाणीवर जाहिराती १९६७ मध्ये सुरू झाल्या, त्या विविध भारतीवर, आणि पहिल्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं नागपूर होतं! मालक सरकार, सेवा व्यापारी. ‘सरकारी’च्या उलट शब्द ‘खाजगी’.

आता नियमन. वाहिनीने तासाला १२ मिनिटांहून जास्त जाहिराती दाखवू नयेत, हे नियमन : खेळ तुमचा, नियम सगळ्यांना सारखे. खाजगी एफएमने स्वतःच्या बातम्या द्यायच्याच नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवायच्या, याला मी नियंत्रणच म्हणेन. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं आणि त्यांच्या नियमनासाठी सरकारपासून स्वतंत्र संस्था हवी असंही म्हटलं. वर्तमानपत्रं दोन्हींसाठी सरसकट ‘नियंत्रण’ छापतात, तेव्हा हा भेदच पुसला जातो. मला ते फार खटकतं.

प्रश्न : मग मुलीने परीक्षेच्या पेपरात ‘सरकारी लोकसेवा प्रसारण’ लिहिलं तर?

उत्तर : ‘सरकारी’ खोडायला सांगा. ‘सार्वजनिक’ चालेल.