आवाजाचा नकाशा करतोय पण तिन्ही टीमचे आकडे जुळत नाहीत, एकसारखं मोजायचं कसं?

प्राजक्ता_घोडबंदर
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण मदत खरंच हवीय. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मानपाडा ते पातलीपाडा या पट्ट्यातल्या पाच सोसायट्या आणि जवळच्या एका कॉलेजची मुलं मिळून आमच्या भागाचा आवाजाचा नकाशा करतोय. रात्री रस्ता मोकळा झाला की कंटेनर आणि ट्रेलर सुरू होतात ते पहाटेपर्यंत, माझ्या बाबांची बायपास झालीय, ते रात्री अडीचला उठून खिडकीपाशी बसलेले असतात, बाराव्या मजल्यावर असून. कोणाला सांगायला गेलं की म्हणतात शहर आहे, आवाज असणारच. म्हणून ठरवलं की तक्रार नको, आकडे घेऊन जाऊ.

आता अडचण अशी की आकडेच एकमेकांशी भांडतायत. आमच्याच गेटवरचं रात्रीचं रीडिंग एका टीमने ८१ डेसिबल (डीबी) लिहिलंय, दुसऱ्या टीमने ७६ आणि तिसऱ्या टीमने ७३. नकाशा घेऊन एका ऑफिसात गेलो तर तिथले इंजिनीअर शांतपणे म्हणाले, मॅडम यातला खरा कुठला? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूप वाईट वाटलं, कारण पोरांनी रात्र रात्र जागून मोजलंय.

तर प्रश्न असा की सगळ्या टीमला हातात देता येईल असा एक कागद करायचाय, म्हणजे पुढच्या महिन्यात शेजारचा वॉर्ड मोजायला लागला तरी त्यांचा आणि आमचा नकाशा शेजारी ठेवता येईल. त्यात काय काय लिहू? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

डेसिबलकाका_चिंचवड
प्राजक्ताताई, बावीस वर्षं कारखान्यांत आणि कारखान्यांच्या कंपाउंडबाहेर आवाज मोजलाय म्हणून बोलतो. आधी मला एवढं सांगा की प्रत्येक टीमने मीटरच्या स्क्रीनवरचा कुठला आकडा लिहून घेतला. मॅक्स, की एलइक्यू म्हणजे त्या वेळाची सरासरी? आणि उभे कुठे होते, किती वाजता, किती मिनिटं. हे कळल्याशिवाय मीटरला दोष देऊ नका.

प्राजक्ता_घोडबंदर
काका आत्ता तिघांनाही फोन केला. ८१ वाल्यांनी "सगळ्यात वर दिसलेला" आकडा लिहिला होता म्हणजे मॅक्सच. ७६ वाले चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत भिंतीला टेकून उभे होते, रात्री साडेअकरा. ७३ वाले गेटबाहेर फूटपाथवर पण पहाटे चारला, आणि पाचच मिनिटं.

डेसिबलकाका_चिंचवड
म्हणजे तीन टीमने तीन वेगळ्याच गोष्टी मोजल्या, तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते एका नकाशावर एकत्र टाकता येत नाहीत. तुमच्या पोरांचं काम वाया गेलेलं नाही, प्रत्येक आकड्यासोबत तो कसा आला हे लिहिलं नव्हतं एवढंच.

आता कागदात काय ते सांगतो, सुचेल तसं. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा एलइक्यूमध्ये आहेत, म्हणजे त्या वेळातल्या सगळ्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी, ए वेटिंग लावून, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं. रहिवासी भाग दिवसा ५५ रात्री ४५, व्यापारी ६५ आणि ५५, औद्योगिक ७५ आणि ७०, शांतता क्षेत्र ५० आणि ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १०, बाकी रात्र. त्यामुळे मुख्य आकडा एलइक्यूच, मॅक्स हवा तर शेजारच्या रकान्यात लिहा, तो झोपमोडीसाठी कामाचा आहे पण रंग भरायला नाही. आणि झोन रीडिंगमध्ये मिसळू नका, तोच ६२ चा आकडा व्यापारी म्हटलं तर दिवसा पास आणि रहिवासी म्हटलं तर नापास, म्हणून आकडा वेगळा आणि झोन वेगळा.

माइक जमिनीपासून दीड मीटर, ट्रायपॉडवर, हातात धरून नाही. भिंतीपासून निदान साडेतीन मीटर लांब. भिंतीला टेकून मोजलं की भिंतीवरून परतलेला आवाजही त्यात येतो आणि साधारण ३ डीबी वाढतात, आणि ३ डीबी म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या दुप्पट झाल्यासारखं, किरकोळ नाही ते. बाल्कनीत मोजायचंच असेल (तुमच्या बाबांसाठी ते मोजलंच पाहिजे, वरच्या मजल्यांना कंपाउंडची भिंत आड येत नाही आणि रस्ता लांबपर्यंत उघडा दिसतो) तर ते "बाल्कनी, मजला अमुक" म्हणून वेगळ्या रंगाचा ठिपका.

मीटर सुरू करताना कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज काढणारं छोटं यंत्र) लावा, मीटरने ९४ दाखवायला हवं, संपल्यावर पुन्हा लावा, मधे अर्ध्या डीबीपेक्षा जास्त सरकलं असेल तर ते अख्खं सेशन बाद. मन घट्ट करून बाद करा. माइकवर फोमचा गोळा कायम, वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल तर घरी जा. पावसात नाही, आणि पाऊस थांबल्यावर ओल्या रस्त्यावरही नाही, टायरचा आवाज वाढतो.

अजून एक चूक जवळजवळ सगळे करतात. डेसिबलची साधी सरासरी काढत नाहीत हो. समजा तीन रीडिंग ६२, ६५, ७४ आहेत, साधी सरासरी ६७ येते, खरी ऊर्जेची सरासरी ७० आहे. प्रत्येक आकडा दहाने भागायचा, दहाचा तेवढा घात करायचा, त्यांची सरासरी, मग तिचा लॉग गुणिले दहा. एक्सेलमध्ये एकदा सूत्र बसवून सगळ्या टीमला तीच फाइल द्या, कोणी कॅल्क्युलेटरवर करत बसू नका.

वर्गशिक्षिका_नाशिक
काकांचं वाचून मी जुनी वही काढली. आम्ही नववीच्या मुलांना घेऊन शाळेभोवती मोजलं होतं, मीटर एकच आणि बाकी फोन. पहिल्याच दिवशी सात फोन आणि तो मीटर एका बाकावर शेजारी शेजारी ठेवले, खिडकीबाहेर रस्ता, आणि दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. फोन ४ ते ९ डीबीने इकडेतिकडे होते, एकाचं कव्हर काढलं तर आकडा लगेच बदलला. मग प्रत्येक फोनवर चिकटपट्टी लावून त्यावर फरक लिहिला, "वजा ६", "अधिक ४" असं, आणि तोच फोन तेच अ‍ॅप शेवटपर्यंत. तरी फोनचे आकडे आम्ही नकाशात पोकळ गोल म्हणून दाखवले आणि मीटरचे भरीव. शांत जागी तर फोन वापरूच नका, त्याच्या माइकचीच खरखर येते.

आणि प्राजक्ताताई, तुमच्यामागे येऊरचं जंगल आहे ना? पावसाळ्यात रात्री मोजलंत तर रातकिडे मोजाल. आमच्या शाळेमागे मळा आहे, तिथे ऑगस्टमध्ये रात्री मुख्य रस्त्यापेक्षा जास्त आकडा आला तेव्हा मुलं चक्रावली. शेऱ्याच्या रकान्यात काय ऐकू येतंय ते शब्दांत लिहायला लावा: रातकिडे, पाण्याच्या टँकरचा पंप, कुत्री, वॉचमनचा मोबाइल. नंतर तोच रकाना सगळ्यात उपयोगी पडतो.

मंदार_श्टुटगार्ट
इकडे जर्मनीत महापालिकेसाठी हेच काम करणाऱ्या ऑफिसात आहे म्हणून थोडी भर टाकतो.

तुम्हाला आलेली अडचण अख्ख्या युरोपला आली होती, तेव्हा नाउमेद होऊ नका. २००२ मध्ये कायदा झाला की मोठी शहरं, मोठे रस्ते, रेल्वे, विमानतळ यांचे नकाशे दर ५ वर्षांनी करायचे, पहिले नकाशे २००७ मध्ये. पण हिशेबाची पद्धत प्रत्येक देशाची आपली आपली, फ्रान्सची वेगळी, जर्मनीची वेगळी, डच लोकांची वेगळी, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून काही बोलता यायचं नाही. शेवटी सगळ्यांना एक सामायिक पद्धत, क्नॉसोस नावाची, २०१८ अखेरपासून सक्तीची झाली.

त्याआधी २००६ मध्ये एक मार्गदर्शिका निघाली होती, ती मला आजही फार आवडते कारण ती जमिनीवरची आहे. माहिती नसेल तर काय करायचं हे ती सांगते. गाड्यांची मोजणी आहे का, असेल तर ती वापर, नसेल तर थोडा वेळ मोज, तेही जमत नसेल तर रस्त्याच्या प्रकारावरून हा ठरावीक आकडा घे, आणि प्रत्येक पर्यायापुढे त्याने साधारण किती डीबीची चूक येऊ शकते तेही दिलेलं. तुमच्या कागदात नेमकं हेच हवं, कारण टीम मोजताना जेवढ्या चुकतात त्यापेक्षा जास्त त्या रिकाम्या जागा आपल्या मनाने भरताना चुकतात. इमारतीची उंची माहीत नाही? सगळ्यांनी मजले गुणिले ३ मीटर घ्यायचे. रिक्षा कशात धरायची? क्नॉसोसमध्ये हलक्या गाड्या, मध्यम, जड आणि दुचाकी आहेत, रिक्षाचा वेगळा गट नाही. दुचाकीत धरा किंवा वेगळी मोजा, पण सगळ्यांनी एकच करा आणि लिहून ठेवा. हॉर्नही त्या मॉडेलमध्ये नाही, तेव्हा पंधरा मिनिटांत किती हॉर्न वाजले हे एका मुलाने वेगळं मोजायचं.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. ठिपके मोजून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मधली जागा आपोआप रंगवून घेऊ नका. बऱ्याच हौशी नकाशांत हेच होतं, सॉफ्टवेअरला इमारती दिसत नाहीत, ते गेटवरचा लाल रंग टॉवरमागच्या बागेपर्यंत ओघळवत नेतं, आणि खरं तर त्या टॉवरच्या आड आवाज १० डीबीहून जास्त पडलेला असतो. इकडचे नकाशे हिशेबाने काढलेले असतात, जमिनीपासून ४ मीटरवर, आणि मोजमाप फक्त ताळा करायला. तुम्हालाही ते जमेल, फ्रान्सच्या गुस्ताव्ह आयफेल विद्यापीठाचं नॉइजमॉडेलिंग हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते-इमारती उचलतं. तोवर नुसते ठिपके दाखवा, मध्ये पांढरं सोडा.

आणि आमच्या आकड्यांशी तुलना करू नका. इकडे रात्र तुमच्यासारखीच १० ते ६ धरतात, पण २४ तासांच्या एकत्र आकड्यात संध्याकाळला ५ आणि रात्रीला १० डीबी वरून जोडतात, तुमचा एलइक्यू तसा नाही.

डेसिबलकाका_चिंचवड
मंदार, पांढरं सोडा हे फार नेमकं बोललास. ताई, हायकोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून राज्यातल्या २७ शहरांचं मॅपिंग करून घेतलंय, ठाण्याचे पॉइंट बघा आणि त्यातला एखादा तुमच्या पट्ट्यात असला तर तिथे त्याच वेळेला मोजून सुरुवात करा, म्हणजे समोरच्याला ओळखीचा धागा मिळतो. आणि एका तरी जागी पूर्ण २४ तास मीटर ठेवा, त्यावरून कळेल की तुमची काही मिनिटांची रीडिंग रात्रीच्या कुठल्या भागात पडतात.

प्राजक्ता_घोडबंदर
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून कागद लिहिला, पाठपोट एक पान झालं. वरती जागा, उंची, भिंतीपासून अंतर, वेळ, किती मिनिटं, कॅलिब्रेटर आधी आणि नंतर, मग एलइक्यू आणि मॅक्स वेगवेगळे, हॉर्न, ट्रक, आणि खाली मोठा रकाना "काय ऐकू आलं". मागच्या बाजूला माहिती नसेल तेव्हा काय धरायचं ती यादी, रिक्षा वेगळीच मोजायचं ठरलं. जुन्या ४६ रीडिंगपैकी २९ काढून टाकावी लागली, दोन मुलं जरा हिरमुसली, पण त्यातल्याच एकीने स्वतःची सहा रीडिंग स्वतः खोडली.

२४ तासांचा मीटर आमच्या बाल्कनीत लावायचाय, "बाल्कनी, मजला १२" म्हणून वेगळ्या रंगात. बाबांनी ट्रायपॉडची जागा आत्ताच मोकळी केलीय, त्यांची कुंडी हलवून, आणि विचारतायत की पहाटेचं रीडिंग त्यांनी लिहिलं तर चालेल का, तसेही जागेच असतात. काका, रेलिंगपासून किती आत ठेवू? बाल्कनी जेमतेम चार फूट खोल आहे, साडेतीन मीटर काही मिळणार नाहीत.

डेसिबलकाका_चिंचवड
चालेल, बाबांनाच लिहू दे. रेलिंगच्या बाहेर जाईल असा आडवा दांडा लावून माइक निदान एक मीटर पुढे काढा, दोरीने दोनदा बांधा, खाली लोक चालतात. मागे भिंत आहे म्हणून शेऱ्यात "भिंतीसमोर" लिहा आणि ३ डीबी आपल्या मनाने वजा करू नका, आकडा जसाच्या तसा ठेवा, ते नंतर हिशेबात करू.