ड्रॅगन्स लेअर खरंच १९८३ चा आर्केड गेम (नाणं टाकून मशीनवर खेळायचा) आहे का?

काल व्हिडिओ बघितला आणि चक्रावलोच, त्या काळात बाकी गेममध्ये नुसते ठिपके पळायचे आणि यात चक्क कार्टून पिक्चर चालू, हे जमवलं कसं?

निवांत_नाना: गेम कसला, पिक्चरच आहे तो रे! अ‍ॅनिमेटर डॉन ब्लूथ डिस्नी सोडून आलेला, त्याच्या टीमने हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन लेझरडिस्कवर (पिक्चर साठवायची मोठी चकती) टाकलं. तू बरोबर वेळेला जॉयस्टिक हलवली किंवा तलवारीचं बटण दाबलं तर पुढचा सीन, नाहीतर डिस्कवर दुसरीकडे उडी मारून गेमचा हिरो डर्क मरतानाचा सीन. म्हणून मधेच स्क्रीन काळी व्हायची.

बटणतोड्या: आणि एका डावाला ५० सेंट, बाकीचे गेम २५ ला. पाठांतर आहे नुसतं, मला तर बोअर झालं.

निवांत_नाना: पाठांतर मान्य, पण दिसतं काय भारी! डिस्कवर सतत अशा उड्या मारून डिस्क प्लेअर खराब व्हायचे. पैसे कमी म्हणून डॅफ्नी राजकन्येचा आवाजपण स्टुडिओतल्याच बाईंनी दिलाय.

प्रश्नकर्ता: अच्छा, म्हणजे स्पेस एस हा गेमपण असाच?

बटणतोड्या: हो, त्याच लोकांचा.