कमेंट इटॅलिक केल्या की अक्षरं चेपल्यासारखी का दिसतात?

खटपट्या:
मंडळी, कोड लिहायला मी फिरा कोड फाँट वापरतो. परवा नवीन थीम टाकली, तिच्यात कमेंट (कोडमधल्या आपल्यासाठीच्या टिपा) इटॅलिक म्हणजे तिरक्या येतात आणि त्या बघवत नाहीत हो, इंग्रजी 'ओ' तर पायाखाली आलेल्या अंड्यासारखा दिसतोय. सेटिंग चुकलंय का माझंच?

तिरकाकाका:
सेटिंग बरोबर आहे, फिरा कोडला इटॅलिक मुळात नाहीच. मग एडिटर, म्हणजे तू कोड लिहितोस तो प्रोग्राम, काय करतो, सरळ अक्षरंच एका बाजूला ढकलतो, आणि गोल अक्षर असं ढकललं की त्याची रेघ एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात बारीक होते. डिझायनर तिरका फाँट करतो तेव्हा हे सगळं हाताने सारखं करत बसतो. देजावू सान्स मोनो या फाँटाचा ऑब्लिक (तिरका प्रकार) बघ, अक्षरं तीच, नुसती झुकलेली, पण नीट. सोर्स कोड प्रोच्या इटॅलिकमध्ये 'ए'चा आकारच बदलतो, वरचा आकडा जातो. मला स्वतःला जेटब्रेन्स मोनो आवडतो, त्याचा कल 9 अंशच आहे, एरवी 11-12 असतो, त्यामुळे कमेंट वेगळी कळते पण डोळ्यात घुसत नाही.

रात्रपाळी:
+1. त्यात हे कोडचे फाँट मोनोस्पेस, म्हणजे 'आय'ला आणि 'एम'ला जागा तेवढीच, म्हणून 'आय'ला खाली पाट नाहीतर शेपूट देऊन जागा भरावी लागते. आणि तिरकं केलं की 'एफ'चं डोकं शेजारच्या घरात, काही टर्मिनल (कमांड टाइप करायच्या खिडक्या) ते सरळ छाटतात!! टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक खिडक्या उघडणारा प्रोग्राम) इटॅलिकऐवजी उलट्या रंगाचा पट्टा दिसला तर फाँटला शिव्या घालू नका, टर्म (टर्मिनलचा प्रकार सांगणारं सेटिंग) 'स्क्रीन'वर असेल ते 'टीमक्स-256कलर' करा, माझी अख्खी रात्र गेली होती त्यात.

खटपट्या:
जेटब्रेन्स टाकला, अंडं गायब 🙏 पण मराठी कमेंट अजून तशाच, वेलांटी पुढच्या अक्षरावर पडतेय.

तिरकाकाका:
त्या फाँटात देवनागरी नाही रे, ती अक्षरं सिस्टीम दुसऱ्या फाँटातून उचलते आणि त्यालाही इटॅलिक नसलं की परत ढकलाढकली. थीममध्ये कमेंटचं इटॅलिक काढून नुसता रंग फिका कर, मी तेच केलंय.