युनिटी: वेग थेट सेट केला की खेळाडू हवेत तरंगायलाय

परभणी_पिक्सेल:
युनिटी ६ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये मोबाइल गेम करायलोय, लेव्हल देवगिरी किल्ल्याची. खेळाडूचं वस्तुमान ७० किलो, पळायचा वेग ६ मी/से. फिक्स्डअपडेटमध्ये (भौतिकीच्या दर स्टेपला चालणारा कोड) दर वेळी लिनियरव्हेलॉसिटीला, म्हणजे खेळाडूच्या वेगाला, नवा व्हेक्टर (एक्स, वाय, झेड) देतो. उडी मारली की जेमतेम उसळून तरंगत खाली येतो, वरून गडगडणारा दगड धडकला तरी मागं ढकलला जात नाही, अन् भिंतीकडं दाबून धरलं की हवेतच चिकटतो. ॲडफोर्स (बल लावणारं फंक्शन) वापरलं तर वेग आवरत नाही.

गोदाकाठ:
व्हेक्टरमध्ये वायच्या, म्हणजे उभ्या दिशेच्या, जागी ० टाकताय ना? ०.०२ सेकंदाच्या एका स्टेपमध्ये गुरुत्वाकर्षण ९.८१ × ०.०२, म्हणजे जवळपास ०.२ मी/से वेग देतं. तुम्ही तो लगेच पुसता. म्हणून सेकंदाला २० सेंटिमीटरनं उतरतो. सध्याचा वेग व्हेरिएबलमध्ये घ्या, एक्स-झेड (आडव्या दिशा) बदला, वाय तसाच ठेवून परत द्या. थेट ‘लिनियरव्हेलॉसिटी डॉट एक्स’ला किंमत द्यायला गेलात तर कंपायलर अडवतो, कारण ही प्रॉपर्टी मूळ व्हेक्टर नाही, त्याची (स्ट्रक्टची) प्रत देते.

बीड_बायनरी:
एवढ्यानं दगडाचा धक्का लागणार नाही भाऊ, एक्स-झेड पुसले जातातच की. हव्या वेगातून सध्याचा आडवा वेग वजा करा, तो फरक क्लॅम्पमॅग्निट्यूडनं (व्हेक्टरची लांबी मर्यादेत ठेवणारं फंक्शन) दर स्टेपला जमिनीवर ०.८ अन् हवेत ०.२ मी/से वर अडवा, मग ॲडफोर्सला व्हेलॉसिटीचेंज मोडनं (वेग तेवढ्यानं लगेच बदलणारा) द्या. ०.८ म्हणजे ४० मी/से² प्रवेग: शून्यावरून ६ गाठायला ८ स्टेप. दगडानं ५ नं मागं फेकलं तर सावरायला १४ स्टेप, धक्का डोळ्याला दिसतो. ह्या मोडमध्ये वस्तुमान मोजलं जात नाही. इम्पल्स (एका झटक्याचा धक्का) मोड घेतलात तर ७० नं गुणावं लागेल. साधा फोर्स दर स्टेपला वेगात भर घालत राहतो, म्हणून आवरत नव्हता.

भिंतीला चिकटणं हे घर्षण. खेळाडूच्या फिजिक्स मटेरियलमध्ये दोन्ही घर्षणं (स्थिर अन् गतिज) ०, कम्बाइन (दोन पृष्ठभागांपैकी कोणतं घर्षण धरायचं ती सेटिंग) मिनिमम. भिंतीचं मॅक्सिमम असेल तर मात्र तेच जिंकतं.

गोदाकाठ:
बरोबर, माझं उत्तर अर्धंच होतं. दगडाचंही बघा: २० मी/से वेगाला एका स्टेपमध्ये ४० सेंटिमीटर. दगड लहान नि भिंत पातळ असली तर आरपार जाईल. त्याला कंटिन्युअस डायनॅमिक (दोन स्टेपच्या मधली धडकही तपासणारा मोड) लावा, पण सरसकट नको, मोबाइलला जड पडतं.

परभणी_पिक्सेल:
चाललं! आता उडीचं बटण कधीकधी लागत नाही.

बीड_बायनरी:
बटण अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणारा कोड) वाचा, फ्लॅग (हो-नाहीची खूण) ठेवा, फिक्स्डअपडेटमध्ये वापरून फ्लॅग खाली पाडा. १.२ मीटर उंच उडीला वायचा वेग एकदाच ४.८५ मी/से द्या.