लो-कार्बवर असताना व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या का?

उंबरठा
पुरुष, वय ४०, उंची १७० सेंमी, वजन ८२ किलो, काम दिवसभर बैठं. लो-कार्ब (कमी कर्बोदकांचा आहार) सुरू करून पाच आठवडे झाले. अ‍ॅपमध्ये 'मध्यम सक्रिय' निवडलं आणि आठवड्याला अर्धा किलो घट मागितली, तर २०६५ कॅलरींचं टार्गेट आलं. कार्ब ५ टक्के, म्हणजे २६ ग्रॅम. आठवड्यातले पाच दिवस तासभर चालणं होतं, ताशी साडेपाच किमीच्या वेगाने. घड्याळ त्याच्या ४८० कॅलरी दाखवतं आणि अ‍ॅप त्या टार्गेटमध्ये जमा करतं. त्यातल्या साधारण निम्म्या खाल्ल्या जातात.

पहिल्या दहा दिवसांत अडीच किलो उतरले. गेले तीन आठवडे काटा ढिम्म. या ४८० खायच्या की सोडायच्या? चालण्याच्या दिवशी अ‍ॅप कार्बची मर्यादा ३२ ग्रॅम दाखवतं, ती पाळायची का? आणि फॅटचा आकडा पूर्ण भरला नाही तर बिघडतं का?

ताजवा
तुमचं चालणं दोनदा मोजलं जातंय, सगळा घोळ तिथेच आहे.

मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तुमचा विश्रांतीचा खर्च काढू: १० × ८२, अधिक ६.२५ × १७०, वजा ५ × ४०, अधिक ५ (बायकांसाठी शेवटी अधिक ५ ऐवजी वजा १६१). उत्तर १६८८. बैठ्या कामासाठी त्याला १.२ ने गुणलं की २०२५. 'मध्यम सक्रिय' निवडलं की गुणक १.५५ होतो आणि आकडा २६१६ वर जातो. त्यातून आठवड्याच्या अर्ध्या किलोसाठी रोजचे ५५० वजा करून तुमचं २०६५ आलेलं आहे. या १.५५ मध्ये व्यायाम धरलेलाच असतो. त्यावर घड्याळाचे ४८० पुन्हा जमा होतात.

आता चालण्याचा खरा खर्च बघा. या वेगाला साधारण ४.३ मेट (मेहनत मोजायचं एकक) धरतात आणि १ मेट म्हणजे किलोमागे तासाला १ कॅलरी. एकूण झाले ३५३. पण खुर्चीत बसून राहिला असतात तरी त्या तासात ८२ गेल्याच असत्या, त्या २०२५ मध्ये आधीच आहेत. निव्वळ उरतात २७०. दुसरा ठोकताळा: सपाटीवर चालताना किलोमागे दर किमीला निव्वळ अर्धी कॅलरी. त्याने २२५ येतात. मधला आकडा २५० धरा.

पाच दिवसांचे १२५० सात दिवसांत वाटले की रोजचे १८० पडतात, म्हणजे दिवसाचा खर्च सुमारे २२०५. तुमचं खाणं किती? २०६५ अधिक रोजचे सरासरी १७० म्हणजे २२३५. काटा का हलत नाही ते यातच आलं.

अडीच किलोंबद्दल: यकृत आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली कर्बोदकं) असतं आणि दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी. कार्ब तोडले की ते बाहेर पडतं, वर मीठ आणि आणखी थोडं पाणी जातं. त्यात चरबी फार थोडी होती, त्यामुळे त्या वेगाशी तुलना करू नका.

दोनांपैकी एक पद्धत निवडा. अ‍ॅपमध्ये 'बैठे' निवडून १५२५ (२०२५ वजा ५००) ठेवा आणि चालण्याच्या दिवशी २५० वाढवा. नाहीतर रोज सरसकट १७०० खा आणि घड्याळाची जोडणी तोडून टाका. आठवड्याची बेरीज जवळपास तीच येते. लो-कार्बवर भूक बहुतेक दुसऱ्या दिवशी लागते, म्हणून माझा कल सरसकटकडे.

अर्धा_चमचा
कार्बचं उत्तर देतो. ३२ ग्रॅम पाळू नका. अ‍ॅप टक्केवारीवर चालतं, टार्गेट वाढलं की ५ टक्क्यांचे ग्रॅमही वाढतात, इतकाच त्याचा अर्थ. चाललात म्हणून कार्बची गरज वाढली असं त्यात काही नाही. दोन तास सायकल मारली तर हेच अ‍ॅप ४० ग्रॅम दाखवेल. सेटिंगमध्ये टक्के काढून ग्रॅम घाला.

१७०० साठी: कार्ब २५ ग्रॅम (१०० कॅलरी). प्रोटीन, ज्या वजनाला पोचायचंय त्याच्या किलोमागे १.६ ग्रॅम, ७० किलो धरले तर ११२, सोयीसाठी ११५ (४६० कॅलरी). उरलेल्या ११४० फॅटच्या, म्हणजे जास्तीत जास्त १२७ ग्रॅम. प्रोटीन रोज गाठायचंच, कार्ब ओलांडायचे नाहीत, फॅट भुकेप्रमाणे. एखाद्या दिवशी ९५ वरच पोट भरलं तर तिथे थांबा. ही तूट तुमच्या अंगावरच्या चरबीतून भरून निघावी यासाठीच तर खटाटोप आहे. 'केटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढवायला' वरून लोणी ढकललं की ते तपासायची पट्टी गडद होते, पण जळतं ते लोणी.

लो-कार्बमध्ये मापाची चूक महाग पडते, कारण बहुतेक कॅलरी ग्रॅमला ९ वाल्या असतात. १५ मिलीचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि अंदाजाने ओतलं की दोन चमचे कधी होतात कळत नाही. तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, ओता, परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. बदाम 'मूठभर' लिहू नका, ३० ग्रॅममध्ये पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात. मांस शिजल्यावर साधारण पाव वजन घटतं, तेव्हा कच्चं तोललं असेल तर नोंदही कच्च्याचीच निवडा.

लेबलवरही एक खड्डा आहे. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, म्हणून लो-कार्बवाले ते वजा करतात; युरोपीय पद्धतीत ते आधीच वगळलेलं असतं. तिथे पुन्हा वजा केलंत तर कागदावर १५ आणि पोटात २५.

फिरस्ता
वरचे हिशेब पटले, पण सरसकट १७०० तासभर चालणाऱ्याला ठीक. दीड-दोन तास पळणाऱ्याने किंवा सायकल चालवणाऱ्याने तेच केलं तर तूट हजारावर जाते आणि तीन-चार आठवड्यांत झोप उडणं, सतत थंडी वाजणं, बायकांमध्ये पाळी चुकणं सुरू होतं. मोठ्या सत्राच्या दिवशी निव्वळ खर्चाचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग खायलाच हवा. पळताना किलोमागे दर किमीला साधारण १ कॅलरी धरा. सायकलवर पॉवर मीटर (पेडलवरचं काम मोजणारं यंत्र) असेल तर त्याचे किलोज्यूल हेच जवळजवळ कॅलरी, कारण शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते आणि एका कॅलरीत ४.१८ किलोज्यूल, दोन्ही आकडे एकमेकांना छेदतात.

घड्याळाबद्दल: स्टॅनफर्डच्या २०१७ मधल्या चाचणीत मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांचे बरोबर, पण कॅलरीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. लो-कार्बच्या सुरुवातीला यात भर पडते. पाणी आणि मीठ कमी झाल्याने त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि घड्याळ त्याला जास्त मेहनत समजतं. ट्रेडमिलवरचा 'फॅट बर्न' हा वेगळा आकडा तर बघूच नका. लो-कार्बवर त्याच कामासाठी चरबी जास्त जळते हे खरं, पण आहारातही चरबीच जास्त असते. शिल्लक ठरते एकूण कॅलरींवर.

चालून आल्यावर गळाल्यासारखं वाटलं की ती नेहमी भूकच असते असं नाही. आधी पाव छोटा चमचा मीठ घातलेलं पाणी प्या, वीस मिनिटं थांबा. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक गट) घेत असाल तर कार्ब तोडण्याआधीच डोस बदलून घ्यावा लागतो. एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांसोबत तर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात केटोन साचून ते आम्लधर्मी होणं) होऊ शकतो.

उंबरठा
औषधं काही नाहीत. १७०० सरसकट, ग्रॅममध्ये लावलं आणि घड्याळाची जोडणी तोडली. पण २२०५ हाही अंदाजच ना? तो बरोबर आहे हे कसं कळणार?

ताजवा
अंदाजच. सूत्राची चूक सहज १० टक्के असते, म्हणून तुमच्याच काट्याने तपासा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन लिहा. फक्त सात दिवसांची सरासरी वाचा, सुट्या दिवसाचा आकडा विसरा. एका दिवशी कार्ब जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसेल, ते पाणी असतं.

२८ दिवसांनी मांडणी करा. समजा खाणं सरासरी १७२० आणि सरासरी वजन १.६ किलोने खाली. एका किलो चरबीच्या साधारण ७७०० कॅलरी धरतात: १.६ × ७७०० = १२३२०, भागिले २८ म्हणजे रोजची तूट ४४०. तुमचा खर्च २१६०. यात चालणं, जिने, मोजमापातल्या तुमच्या नेहमीच्या चुका, सगळं आलं. पुढचं टार्गेट या आकड्यावरून काढा, आणि वजन चार-पाच किलो उतरलं की पुन्हा मांडा. मध्येच कार्बची मर्यादा बदललीत तर त्यानंतरचे दहा-बारा दिवस हिशेबात धरू नका.