ऑनलाइन विज्ञानवर्गातील विद्यार्थ्यांना बोलते कसे करावे?

प्रश्न
मी पदवीच्या प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र ऑनलाइन शिकवते. वर्गात ९० विद्यार्थी आहेत. “समजले का?” असे विचारले की चॅटमध्ये दोन-तीन “हो मॅडम” उमटतात, बाकी सगळी शांतता. सत्र संपत आले तरी मुले एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. कॅमेरा सक्तीचा करावा का? अनुभवी शिक्षकांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १
मॅडम, कॅमेऱ्याची सक्ती करू नये. ज्याला घरात स्वतंत्र खोली नाही, त्याची त्यात कुचंबणा होते. शिवाय ९० जणांसमोर “नाही समजले” म्हणायला कोण धजेल? हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत मला यावर सर्वांत उपयोगी वाटते. मी विचारतो: लिफ्ट एकसमान वेगाने वर जात असताना दोरातील ताण तिच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? प्रत्येकाने आधी पोलवर एकट्याने उत्तर द्यायचे, मग निकाल न दाखवता चौघाचौघांना ब्रेकआउट रूममध्ये पाठवायचे, तिथे त्यांनी एकमेकांना पटवून द्यायचे आणि परत येऊन पुन्हा मत नोंदवायचे. “वर जाते म्हणजे ताण जास्तच” असे ठामपणे सांगणाऱ्याला “पण त्वरण शून्य आहे ना?” हे बरोबरीच्या मुलाने विचारलेले अधिक भिडते. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तरच चर्चा रंगते. प्रश्न निवडताना एवढे पाहावे.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याला एक जोड देते: गट सत्रभर तेच ठेवा. दर वेळी नवे चेहरे आले की अर्धा वेळ संकोचातच जातो.

प्रयोगासाठी मी प्रत्येकाला घरीच दोरा आणि दगड घेऊन एक मीटर लांबीचा लंबक करायला सांगते आणि २० आंदोलनांचा वेळ सामायिक तक्त्यात भरून घेते. तो सुमारे ४० सेकंद यायला हवा. एकदा एका मुलीचे उत्तर सतत जास्त येत होते. तिच्या गटाने फोटो मागवून शोधले की तिने लांबी दगडाच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंतच मोजली होती. त्या दिवशी मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पोलच्या उत्तरांना गुण द्यावेत का?

प्रतिसाद १
सहभागाचे थोडे द्यावेत, अचूकतेचे मुळीच नकोत. नाहीतर मुले विचार करण्याऐवजी उत्तर शोधत बसतात.