पाठराखीण झाले, आता मुराळी व्हायचंय. शब्द कुठला वापरू?

पाचोरा पॅसेंजर:
माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं फेब्रुवारीत लग्न झालं. २०१७ ला जळगावात होस्टेलच्या एकाच खोलीत येऊन पडलो, तेव्हापासूनची दोस्ती. आमच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव नुसतं 'उत्तर महाराष्ट्र' आहे, पदवीवर मात्र 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' पुढे लागलंय. म्हणजे विद्यापीठाचं नाव बदललं, खोलीतली माणसं तीच राहिली.

ती यावल तालुक्यातली, सासर शिरपूरचं. तिला सख्खी बहीण नाही, भाऊही नाही. चुलत बहिणीची बारावी तोंडावर. पाठराखीण कोण जाणार यावर मांडवात बराच खल झाला, शेवटी तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच जाय ना व माय." गेले.

शिरपूरला गाडीतून उतरले तर आजेसासूबाई दारातच. "हाई नवरीनी बहीन शे का?" म्हटलं, मैत्रीण. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाल्या, "ते बरं, पन बहीन कोन शे?" तीन दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होते. निघताना साडी मिळाली ती "नवरीच्या बहिणीची" म्हणूनच.

प्रश्न दोन. पाठराखीण नात्यातलीच लागते का? आणि आता आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली, तिची आई म्हणते लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणूनही तूच जा. बाईमाणूस मुराळी असेल तर काय म्हणायचं?

कोशातला किडा:
'पाठराखीण' या शब्दात बहीण कुठेच नाही. पाठ राखणारी ती पाठराखीण. सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीसोबत माहेरचं एक माणूस असावं, एवढाच अर्थ. बहीण, आत्या, मावशी जाते हा रिवाज झाला.

मला या शब्दात दुसरीच गंमत वाटते. याचा पुल्लिंगी भाऊ बघा: 'पाठीराखा'. तो देव झाला. विठ्ठल पाठीराखा, स्वामी पाठीराखा, निवडणुकीत पुढारीही पाठीराखा. 'पाठराखण' वर्तमानपत्रात गेली आणि बदनाम झाली; आता ती फक्त भ्रष्ट माणसाचीच करतात. पाठराखीण तेवढी लग्नघरात राहिली, कोपऱ्यातल्या खाटेवर नवरीची बॅग मांडीवर घेऊन बसलेली. तिघांत खरं काम तीच करते.

पाचोरा पॅसेंजर:
बॅग मांडीवर, अगदी! पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, चार्जर, कुणीतरी दिलेली आहेराची पाकिटं. पण खरं काम रात्री होतं. नव्या माणसांच्या पंगतीत तिच्या घशाखाली घास उतरेना. सगळे म्हणतायत "घे गं, लाजू नको" आणि ही ताटातल्या वरणात बोट फिरवतेय. मी माझ्या ताटात दोन बट्ट्या जास्त मागून घेतल्या, वाटीत तूप घेतलं, आणि पदराखाली झाकून खोलीत नेलं. दार लावून तिनं दोन्ही संपवल्या. मग म्हणाली, "वांग्याची भाजी नाही आणली?" होस्टेलला रविवारी रात्री मेस बंद असायची, तेव्हा माझ्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरीवर हात टाकून ती अश्शीच विचारायची, "ठेचा नाही आणला?"

तापीकाठ:
ताई, वरण-बट्टीला घोटलेली वांग्याची भाजी नसेल तर नवरी विचारणारच. तुमचीच चूक.

मूळ मुद्दा. 'मुराळी' हा 'मूळ'वरून आला. हे मूळ म्हणजे झाडाचं नाही. लेकीला माहेरी आणण्यासाठी धाडलेलं बोलावणं किंवा माणूस. 'मुळारी' असंही रूप आहे, त्यात ळ आणि र यांनी जागा बदलल्या की मुराळी. आमच्याकडे ळ चा य होतो, म्हणून केळीची केयी आणि मूळचं मूय. माझी आजी आखाजी आली की म्हणायची, "पोरीले मूय धाडलं का?" शहरात गेलेल्यांना हा शब्द अभंगातच भेटतो. तुकोबांना पंढरीहून मूळ हवं असतं, तेही हेच. पंढरी माहेर, विठोबा मूळ धाडणारा.

मुराळी भाऊच असतो, हे मी तरी आजवर तसंच पाहिलं. भाऊ नसेल तर चुलतभाऊ, मामेभाऊ, अगदी शेजारचा पोरगा. बाई मुराळी म्हणून गेलेली पाहिली नाही.

भाकरतुकडा:
पाहिली नाही हे बरोबर, पण शब्दाला काय अडतंय? माळी-माळीण, तेली-तेलीण, कोळी-कोळीण. तसं मुराळी-मुराळीण. सरळ आहे.

कोशातला किडा:
सरळ आहे, पण कानाला लागतं. 'मुराळीण' ऐकलं की मुराळ्याची बायको वाटते. माळीण, तेलीण, कोळीण हे जातीचे, व्यवसायाचे शब्द, तिथे बायको हा अर्थ आधी येतो. सोबती आणि साथी यांचं तसं नाही. "ती माझी जुनी सोबती" म्हणतो, 'सोबतीण' क्वचित. माझं मत, मुराळी तसाच ठेवावा. 'पाचोऱ्याहून मुराळी आली.' क्रियापद काय ते सांगेल.

धुळेकर:
तुम्ही व्याकरण करा, मी शिरपूरकडचं सांगतो. तिथं आजीबाईंना मुराळी आहे की मुराळीण याचं काही पडलेलं नसणार. त्या बघणार पिशवीत सांजोऱ्या आहेत का, डांगर (खरबूज) आणलं का.

आणि एक. आपण 'जीवाचे मैत्र' असं लग्नाच्या फ्लेक्सवर सर्रास छापतो. खाली आठ पोरांचे गॉगलवाले फोटो. पसायदानात 'मैत्र' म्हणजे मैत्री, भाववाचक नाम. 'आम्ही जीवाचे मैत्र' असं लिहिलं की मैत्रीचं अनेकवचन होऊन मित्र बनतात. चालू द्या, पण ज्ञानेश्वरांना फ्लेक्सवर ओढू नका भो.

तापीकाठ:
फ्लेक्सचं सोडा, पत्रिका बघा. काका-मामा निमंत्रक, चुलत-मामेभाऊ व्यवस्थापक, भाचे-पुतणे किलबिल. मित्राला कुठे टाकायचं? सगळ्यांत खाली 'आणि समस्त मित्रपरिवार'. नाव नाही, गाव नाही. माझ्या जिगरी दोस्ताच्या पत्रिकेत त्यानं मला व्यवस्थापकांत घुसवलं होतं, तर त्याच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू कोणत्या घरचा रे?"

पाचोरा पॅसेंजर:
हेच! करवली बहीण, मुराळी भाऊ, पाठराखीण आत्या-मावशी. लग्नातली प्रत्येक खुर्ची नात्याची. मैत्रिणीला बसायचं तर कुणाची तरी जागा घेऊनच बसावं लागतं. मला त्याचं वाईट नाही वाटलं, पण शब्द तरी माझा असावा असं वाटत होतं.

भाकरतुकडा:
'गडणी' आहे की. मैत्रिणीसाठीचा जुना, गोड शब्द. पण शिरपूरला जाऊन "मी नवरीची गडणी" म्हणालात तर आजीबाई पुन्हा विचारतील, बहीण कोण शे.

पाचोरा पॅसेंजर:
ताजी खबर. काल संध्याकाळी मैत्रिणीच्या फोनवरून आजीबाईच बोलल्या. नाव आठवेना त्यांना. आधी "वं बहीन" म्हणाल्या, मग थांबल्या, मागून मैत्रिणीचं हसणं ऐकू आलं, तिनं काहीतरी सांगितलं. मग आजी म्हणाल्या, "वं मुराळी, कवय येशी?"

मुराळीच म्हणाल्या, मुराळीण नाही. किडाभाऊ, तुमचं बरोबर. परवा पहाटेच्या गाडीनं निघतेय. डांगर जळगावातून घेऊ की शिरपूरला स्वस्त मिळेल?